कॅमेऱ्यामागचा मामा

प्रश्न दिसायला दुकानात सुटण्याजोगा होता. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न ठरले. लग्न लहान, दोन्ही घरची मिळून साठ माणसे, नाशकातच पंचवटीच्या बाजूचे एक छोटेसे कार्यालय आणि सकाळचा मुहूर्त. भाची मला म्हणाली, "मामा, फोटो तूच काढ. बाहेरचा माणूस आला की आम्ही सगळे त्याच्या हुकमाने हसायला लागतो." मला छायाचित्रणाचा नाद तीस-पस्तीस वर्षांचा आहे, स्तुतीला भुलण्याचा त्याहूनही जुना. मी तत्काळ होकार दिला, आणि कोणता कॅमेरा न्यावा, कोणती लेन्स घ्यावी, या विचारास दुसऱ्याच दिवशी लागलो. महिनाभर हा विचार करता करता मला असे आढळून आले की, मी ज्यास यंत्राची निवड समजत होतो ती वास्तविक माझ्या स्वतःच्या जागेची निवड होती. मांडवात मी कोण म्हणून उभा राहणार, हे ठरल्यावाचून हातात काय घेऊन उभा राहणार, हे काही केल्या ठरेना.

प्रथम यंत्राचीच बाजू सांगतो, कारण ती क्षुल्लक नाही. माझा एक जुना विद्यार्थी या विषयात मुरलेला आहे. त्याने मला भली मोठी यादी करून दिली: दोन कॅमेरे, एक मध्यम झूम, एक लांबची झूम, फ्लॅश, तिकाटणे, जादा बॅटऱ्या. यादीतील प्रत्येक वस्तूमागे सबळ कारण होते. कार्यालयात उजेड कमी आणि तोही भेसळीचा. कुठे नळीचा पांढरा, कुठे बल्बचा पिवळा, आणि वर मांडवाच्या लाल-केशरी कापडातून गाळून आलेला, ज्याने माणसांचे चेहरे हळद लागण्यापूर्वीच पिवळे दिसावेत. अशा ठिकाणी लेन्सचे छिद्र किती उघडते यावर सारे अवलंबून असते. छिद्राचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी झूम लेन्स लांबच्या टोकाला ५.६ पर्यंतच उघडते; १.८ आकड्याची एकाच अंतराची लेन्स तिच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे जेथे पहिलीने हललेला, धुरकट फोटो मिळावा, तेथे दुसरीने होमाच्या ज्वाळेच्या उजेडातही डोळ्यांतले पाणी दिसावे. एक कॅमेरा बंद पडला तर? म्हणून दुसरा. कार्ड बिघडले तर? म्हणून एकाच वेळी दोन कार्डांवर चित्र उतरविणारा कॅमेरा. लग्न एकदाच लागते. "जरा पुन्हा अंतरपाट धरा" असे गुरुजींना सांगता येत नाही. तेव्हा शिष्याचे म्हणणे सर्वस्वी शास्त्रशुद्ध होते.

परंतु ती यादी समोर ठेवून बसलो असता मला असे वाटू लागले की, यातील प्रत्येक वस्तू मला एकेक आज्ञा करीत आहे. लांबची झूम म्हणते, तू तीस फूट दूर उभा राहा. तिकाटणे म्हणते, ही जागा माझी, येथून कोणी जाऊ-येऊ नये. फ्लॅश म्हणतो, समईपेक्षा मी मोठा. आणि एकाच अंतराची लहानशी लेन्स म्हणते, चित्र मोठे हवे असेल तर चार पावले पुढे हो. आता लग्नात चार पावले पुढे होण्याचा अधिकार कोणाला असतो? घरच्या माणसाला. म्हणजे यंत्रे निर्जीव असली तरी निःपक्षपाती नसतात. कोण माणूस कोठे उभा राहील आणि कोणापासून किती दूर राहील, याविषयी त्यांचे मत ठरलेले असते, आणि ते मत आपण किमतीबरोबरच विकत घेतो.

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. या भाचीच्या आईचे, म्हणजे माझ्या बहिणीचे, लग्न 1996 साली झाले. त्या वेळी मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि एका मित्राचा उत्तम कॅमेरा दोन दिवसांसाठी उसना आणला होता. छत्तीस चित्रांची एक, अशा पाच फिल्म मी त्या दिवशी संपविल्या. संध्याकाळी पाठवणी झाली. दारात उन्हाचा तिरपा पट्टा आला होता, आई बहिणीला कवटाळून रडत होती, वडील पाठमोरे होऊन उगाच सामान मोजीत होते. मी हे सर्व भिंगातून पाहिले. त्या क्षणी माझ्या मनात जे आले ते आज लिहिताना मला लाज वाटते. परंतु या लेखाचे सारे कारणच ते आहे, म्हणून लिहिणे भाग आहे. माझ्या मनात आले, "वा! काय सुंदर उजेड आहे." पुढच्याच क्षणी फिल्म संपली. मी आत जाऊन, पाठ फिरवून नवी भरू लागलो. भरून बाहेर आलो तो गाडी कोपऱ्यावरून वळली होती.

फोटो उत्तम आले. नातेवाईकांनी वाखाणले. पुष्कळ वर्षांनी एका दिवाळीत बहीण तो अल्बम चाळीत होती. ती सहज म्हणाली, "दादा, यात सगळे आहेत रे. तू तेवढा कुठं नाहीस." मी म्हणालो, "अगं, मी फोटो काढत होतो ना!" ती म्हणाली, "हो, ते झालंच. पण गाडीत बसताना मी तुला शोधत होते." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते बोलणे मला अद्याप पचलेले नाही.

मुंडकोपनिषदात एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. एक पक्षी फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहत राहतो. भोक्ता आणि साक्षी यांचे याहून नेटके चित्र मला ठाऊक नाही. हातात कॅमेरा आला की आपण दुसऱ्या पक्ष्याच्या फांदीवर जाऊन बसलो, असे आपल्याला वाटते. आपण अलिप्त, आपण तटस्थ. बाकीचे रडतात, हसतात, जेवतात, आपण पाहतो. पण हा मोठाच भ्रम आहे. उपनिषदातील साक्षी काही मिळवू इच्छीत नाही. छायाचित्रकाराला चित्र हवे असते, आणि चांगले चित्र हवे असते. तोही फळ खातच असतो. फक्त दुसऱ्याच्या अश्रूंचे फळ खातो आणि स्वतःस साक्षी म्हणवितो. सुसान साँटॅग या अमेरिकन विदुषीने 1977 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात छायाचित्रणाच्या या दुहेरी स्वभावावर कठोर बोट ठेवले आहे: ज्या कृतीने आपण अनुभवाचा दाखला घेतो, त्याच कृतीने आपण अनुभवाला दाराबाहेर उभे करतो. तिचे सर्वच म्हणणे मला पटत नाही; परंतु 1996 सालच्या त्या संध्याकाळपुरते ते मला नाकारताही येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग हा उपद्व्यापच सोडून द्यावा. हा उपाय सोपा आहे, पण न्याय्य नाही. माझी आई, म्हणजे वधूची आजी, आज अंथरुणावर आहे; तिला कार्यालयात नेणे शक्य नव्हते. नातीच्या हातावरची मेंदी, जावयाचे नाक, कोणकोण आले नि कोण रुसून आले नाही, हे तिने पाहायचे कसे? शिवाय जे अजून जन्मलेच नाहीत त्यांचाही काही हक्क आहे. आमच्या घरात माझ्या आजी-आजोबांचे लग्नानंतर काढलेले एकच छायाचित्र आहे. लग्नानंतर काही दिवसांनी त्यांना स्टुडिओत नेले होते. मागे रंगविलेला पडदा; आजोबा खुर्चीवर ताठ; आजी बाजूला उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर आणि डोळ्यांत भीती. ती भीती मला फार मोलाची वाटते, कारण मी जी आजी पाहिली ती कोणालाच भीत नसे. हे एक चित्र नसते तर ती कधी काळी भ्यालेली मुलगी होती, हे मला कळलेच नसते. म्हणून छायाचित्राची निंदा करण्यास मी तयार नाही.

पण त्या चित्राची दुसरीही एक बाजू आहे. आजीच्या लग्नाचा प्रत्यक्ष क्षण कोणीच टिपला नाही, आणि तरीही तो हरवला नाही. मांडवात आलेली माणसे तो पुढे चाळीस वर्षे सांगत राहिली. त्या काळी चित्र दुर्मिळ होते आणि साक्षीदार मुबलक. पुढे ही परिस्थिती हळूहळू पालटली. पॅरिसमध्ये दागेरची कृती 1839 साली जाहीर झाली. मुंबईत छायाचित्रणाची संस्था 1854 सालीच निघाली. 1888 साली ईस्टमनने कोडॅक कॅमेरा काढून हे काम कोणाही बोट हलविणाऱ्याच्या आवाक्यात आणले, आणि 1900 साली एक डॉलरचा ब्राउनी काढून ते पोरासोरांच्याही हाती दिले. माझ्या वडिलांकडे ॲग्फा क्लिक-थ्री होता. एका रिळात बारा चौकोनी चित्रे. वडील ती बारा चित्रे वाण्याने केशर जोखावे तशी जोखून काढीत, आणि उरलेला वेळ सर्वांसारखे मांडवात वावरत. आज साठ पाहुण्यांच्या खिशांत साठ मोबाइल असतात, आणि अक्षता टाकायच्या त्या हाताने लोक मोबाइल उंच धरतात. चित्रे मुबलक झाली. दुर्मिळ झाला तो साक्षीदार. दान द्यायचे तर जे दुर्मिळ आहे ते द्यावे, हा साधा नियम आहे.

आणि साक्षीदार हा लग्नाचा अलंकार नव्हे, ते लग्नाचे अंग आहे. आपण अग्निसाक्षीने लग्न लावतो. 1955 सालच्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमातही असे म्हटले आहे की, ज्या विवाहविधीत सप्तपदी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. कायद्याला तेथे पाऊल हवे आहे, चित्र नव्हे. उद्या वाद निघाला तर फोटो पुराव्याला उपयोगी पडेल, हे खरे. पण पुरावा घटनेनंतर लागतो, साक्षी घटनेत लागतो. अग्नी काही लिहून ठेवीत नाही. तो उपस्थित असतो, आणि जळत असतो.

आता मुख्य भेदाकडे येतो. धंदेवाईक छायाचित्रकार आणि हौशी छायाचित्रकार यांच्यात कौशल्याचा भेद असतो असे आपण समजतो. तो असतोच, पण तो गौण. पहिल्याला आपण जे वेतन देतो ते वस्तुतः गैरहजर राहण्याचे वेतन आहे. त्याने मांडवात असून नसल्यासारखे असावे, कोणाच्याही दुःखात गुंतू नये, वधूच्या आईला हुंदका आला की पाणी न आणता फोटो काढावा, असा त्याच्याशी आपला करार असतो, आणि त्या करारात गैर काही नाही. हौशी माणसाशी असा करार कोणी केलेला नसतो. हौस ही प्रेमाची धाकटी बहीण. इंग्रजीत अशा माणसाला जो शब्द आहे त्याच्या मुळाशीही लॅटिनमधला प्रेम करणे हाच अर्थ आहे. तो प्रेमाने तेथे आलेला असतो, म्हणून गैरहजर राहण्याचा परवाना त्याला नाही. धंदेवाईकाची हत्यारे आणून हौशी माणूस त्याची बरोबरी करू पाहतो, तेव्हा बहुधा कौशल्याआधी त्याची गैरहजेरीच उचलतो. 1996 साली माझे नेमके हेच झाले.

नाशकात राहून या विषयावर लिहिताना दादासाहेब फाळके आठवल्यावाचून राहत नाहीत. ते जन्मले त्र्यंबकेश्वरी, वारले नाशकात 1944 साली. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी त्यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचा धंदा केला होता. पुढे 1912 साली एका कुंडीतल्या अंकुराची वाढ त्यांनी महिन्याहून अधिक काळ रोज थोडी थोडी टिपली. पाहणे म्हणजे काय, हे त्यांच्यापासून शिकावे. परंतु मला त्यांच्याहून अधिक आठवतात त्या सरस्वतीबाई. 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, आणि अंधारात बसून फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही त्यांनी केले. त्यांचा मुलगा रोहिदास होऊन पडद्यावर अमर झाला. त्या स्वतः पडद्यावर नाहीत. चित्रामागे राहणे हा असा मोठा त्यागही असू शकतो. म्हणून कॅमेऱ्यामागचा प्रत्येक माणूस पळपुटा असतो असे मी म्हणत नाही. प्रश्न एवढाच की, चित्रामागे आपण दुसऱ्यासाठी उभे आहोत, की कोणी आपल्याला रडताना पाहू नये म्हणून?

शास्त्रही या बाबतीत सरसकट निकाल देत नाही. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संग्रहालयातील वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. स्मरणाचे ओझे यंत्रावर टाकले की मन हात झटकून मोकळे होते. पण त्याच प्रयोगात, ज्यांना वस्तूचा एखादा भाग जवळ घेऊन टिपण्यास सांगितले त्यांची आठवण तशी उणावली नाही. म्हणजे दोष काचेचा नसून लक्षाचा आहे. कॅमेरा मनाची पेंड खातो किंवा मनाला जागे ठेवतो. दोन्ही त्याच्या हाती नसून आपल्या हाती आहे.

इतका खल झाल्यावर माझी निवड पाव तासात झाली. मी घरचाच एक लहान, जुना, हाताच्या ओळखीचा कॅमेरा घेतला. नवे यंत्र लग्नाच्या दिवशी प्रथम हाती धरू नये, हा सुगरणीचा नियम येथेही लागू आहे. त्याला 35 मिलिमीटरची, छिद्र मोठे असलेली एकच लेन्स लावली. फ्लॅश घरी ठेवला. शटरचा आवाज बंद केला. एक जादा बॅटरी आणि एक जादा कार्ड खिशात टाकले. पिशवी घेतली नाही, कारण पिशवी घेतलेला माणूस मामा दिसत नाही, कारागीर दिसतो. आठ दिवस आधी संध्याकाळी घरातल्या मंडळींना समईजवळ बसवून हात साफ करून घेतला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाचीला आधीच स्पष्ट सांगितले: "मी काय काढीन ते ऐक, आणि काय काढणार नाही तेही ऐक. अंतरपाटाचा फोटो माझ्याकडून मिळणार नाही. तो हवाच असेल तर आजच दुसरा माणूस बघ." ती क्षणभर थांबून म्हणाली, "तेव्हा तर तू माझ्या मागे असशील ना?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग झालं." माझा शिष्य मात्र हळहळला. "सर, तोच तर मुख्य फोटो!" त्याचे म्हणणे बरोबर होते. मुख्य क्षण कॅमेऱ्यासाठी सोडायचा की कॅमेरा मुख्य क्षणासाठी सोडायचा, इतकाच प्रश्न उरला होता.

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून आईसाठी फोटो काढले. कोणासाठी काढायचे हे ठरले की काय काढायचे हे ठरविण्याची फारशी गरज राहत नाही. हातांचे काढले, पंगतीतल्या पानाचे काढले, रुसून आलेल्या एका काकूंचे मुद्दाम दोन काढले. मग गुरुजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." मी कॅमेरा बंद करून शेजारच्या खुर्चीवर ठेवला, गौरीहरापाशी बसलेल्या भाचीला हात धरून उठविले, बोहल्यावर आणले आणि तिच्या मागे उभा राहिलो. मंगलाष्टके सुरू झाली. समोर मोबाइलांची रांग उभी होती. त्या रांगेवर रागावण्याचा मला अधिकार नाही. एके काळी त्या रांगेत मी एकटाच होतो.

माझी बहीण मात्र तेथे नव्हती. मुलीच्या आईने मंगलाष्टके चालली असता मांडवात न थांबता तुळशीला पाणी घालीत बसावे, अशी आमच्याकडे जुनी चाल आहे. हल्ली ती फारशी कोणी पाळीत नाही. बहिणीने पाळली. आईने माझ्या वेळी पाळली होती, एवढेच ती म्हणाली.

लग्न लागले, वाजंत्री वाजली, टाळ्या झाल्या. मी मागच्या अंगणात गेलो. ती तांब्या हातात धरून बसली होती. पाणी केव्हाच संपले होते. आत साठ मोबाइलांत तिच्या मुलीचे चेहरे साठवलेले होते; हाक मारली असती तर कोणीही धावत येऊन दाखविले असते. तिने मलाच विचारले, "दादा, कशी दिसत होती रे?"

मी तिला खरे तेच सांगितले. मी मागे उभा होतो. तोंड मला दिसले नाही. पण डावा खांदा थरथरत होता, शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत थरथरत होता, आणि अंतरपाट दूर झाला तसा थांबला.

"थांबला ना?" तिने पुन्हा विचारले.

"थांबला," मी म्हणालो. तिने रिकामा तांब्या वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवला, पदराने हात पुसले आणि आम्ही दोघे आत गेलो.